डाळीतली न पचणारी साखर

गोरेगावच्या शिवारात खरिपाला सोयाबीन, त्यातच तुरीच्या ओळी आणि सोयाबीन निघाले की रब्बीला हरभरा, हा क्रम हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात आता चांगलाच रुळला आहे. बाजार समितीत सोयाबीनचा ओलावा, माती-काडी आणि डागी दाणे पाहून भाव लागतो. पुढे गिरणीवाल्याचे लक्ष तेलावर आणि पेंडीतल्या प्रथिनांवर असते. दाण्यात आणखी एक गोष्ट असते आणि तिचा भाव कोणीच विचारत नाही. वाळलेल्या सोयाबीनमध्ये सुमारे चार टक्के स्टॅकिओज आणि एक टक्क्याच्या आसपास रॅफिनोज नावाची शर्करा असते, म्हणजे क्विंटलमागे साधारण पाच किलो. तेल काढल्यावर ती पेंडीत उरते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. कोंबडीलाही ती पचत नाही, म्हणून काही खाद्यांत ती फोडणारे विकर वेगळे मिसळावे लागते. जपानमध्ये मात्र सोयाबीनमधली हीच शर्करा वेगळी काढून आरोग्यासाठीचे खास अन्न म्हणून विकली जाते आणि त्यासाठी सरकारमान्यतेची पद्धत तिथे 1991 पासून आहे. तूर, हरभरा, उडीद, मूग, चवळी या सगळ्यांत याच कुळातल्या शर्करा कमीअधिक प्रमाणात असतात. आतड्याच्या दाहाशी त्यांचा संबंध काय, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्याचे उत्तर 'चांगल्या' किंवा 'वाईट' अशा एका शब्दात देता येत नाही आणि ते का देता येत नाही, हेच यातले सर्वांत उपयोगी ज्ञान आहे.

आधी ही शर्करा दाण्यात येते कशासाठी ते पाहू. बी पिकते तेव्हा त्यातले पाणी आटत जाते. त्या कोरडेपणात पेशींची आवरणे शाबूत राहावीत आणि पुढे ओल मिळाली की अंकुराला लगेच इंधन मिळावे, यासाठी वनस्पती तिचा साठा करून ठेवते. साध्या साखरेच्या रेणूला गॅलॅक्टोजचे एक, दोन किंवा तीन मणी जोडले की अनुक्रमे रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बॅस्कोज तयार होतात. हे मणी सोडवायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचे विकर लागते आणि माणसाच्या लहान आतड्यात ते पाझरत नाही. त्यामुळे ही शर्करा रक्तात उतरत नाही, रक्तातली साखर वाढवत नाही आणि जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथे हजारो अब्ज जिवाणू बसलेले असतात आणि त्यांतल्या पुष्कळांकडे आपल्याकडे नसलेले हे विकर असते. 1995 मध्ये ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी अशा पदार्थांना प्रीबायोटिक हे नाव दिले. 2017 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने व्याख्या नव्याने मांडली. तिचा मथितार्थ असा: आपल्या अंगातले जिवाणू जो पदार्थ निवडून वापरतात आणि त्या वापरातून आपल्या आरोग्याला फायदा होतो, तो प्रीबायोटिक. व्याख्येतले 'निवडून' आणि 'फायदा' हे दोन्ही शब्द जाहिरातीत गळून पडतात. कांदा-लसणातली फ्रुक्टन शर्करा, चिकोरीच्या मुळातून काढलेले इन्युलिन, बद्धकोष्ठावर डॉक्टर देतात ते लॅक्टुलोज, हे सगळे याच घरातले.

माणसाला अशी न पचणारी शर्करा पहिल्यांदा मिळते ती आईच्या दुधातून. दुधातल्या घन पदार्थांत लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर तिसरा क्रमांक लागतो तो अशा शर्करासाखळ्यांचा, ज्या बाळाला पचतच नाहीत. लिटरमागे दहा-पंधरा ग्रॅम, आणि पहिल्या पिवळसर चिकाच्या दुधात त्याहून जास्त. गाईच्या दुधात त्या नगण्य असतात. बाळाच्या आतड्यातले बायफिडोबॅक्टेरियम हे जिवाणू त्यांवर पोसले जातात, आम्ल तयार करतात आणि रोगजंतूंना जागा उरू देत नाहीत. आईचे शरीर इतकी मेहनत घेऊन बाळाला न पचणारे अन्न बनवते, यावरून या जिवाणूंना पोसणे किती जुने आणि मोलाचे काम आहे ते लक्षात येते. बाळाला पहिले दूध पिळून टाकून मध किंवा साखरपाणी चाटवण्याची रीत जिथे उरली असेल, तिथे ती सोडण्याचे हे आणखी एक कारण समजावे.

आता दाहाकडे येऊ. जिवाणू ही शर्करा आंबवतात तेव्हा वायू होतो, तसेच तीन लहान आम्लेही तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातल्या ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जगतात. आपल्या ऊर्जेचा बहुतांश भाग त्या रक्तातून आलेल्या ग्लुकोजपेक्षा या ब्युटिरेटमधून काढतात. 1980 मध्ये रोडिगर या शल्यचिकित्सकाने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक धाडसी प्रश्न विचारला होता: अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या दाहाचा आजार मुळात या पेशींच्या उपासमारीचा तर नाही? प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही, पण त्याला बळ देणारा एक पुरावा शस्त्रक्रियांतून मिळाला. काही रुग्णांत मोठ्या आतड्याचा वरचा भाग पोटावर उघडतात आणि खालचा भाग मलाच्या वाटेतून वगळला जातो. या रिकाम्या भागात अन्न येत नाही, आंबवणे होत नाही आणि काही काळाने तिथे सूज येते. 1989 मध्ये अशा मोजक्या रुग्णांच्या वगळलेल्या आतड्यात ही आम्ले बस्तीने सोडली, तेव्हा सूज उतरली. नंतरच्या दुसऱ्या एका छोट्या चाचणीत या आम्लांनी तसा गुण आला नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्युटिरेटचे दुसरे काम 2013 मध्ये उंदरांवरच्या तीन स्वतंत्र अभ्यासांतून पुढे आले. रोगप्रतिकारक यंत्रणेत भडकलेल्या पेशींना आवर घालणाऱ्या काही नियामक पेशी असतात, आणि जिवाणूंनी बनवलेली ही आम्ले मोठ्या आतड्यात त्यांची संख्या वाढवतात. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या दुसऱ्या आजारात ब्युटिरेट बनवणारा फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा जिवाणू घटलेला असतो, हे फ्रेंच संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले होते.

शर्करा मिळाली नाही तर काय होते, हेही तितकेच बोलके आहे. आतड्याच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. जिवाणू आणि आपल्या पेशी यांच्यामध्ये तेवढीच काय ती भिंत. हा श्लेष्माही शर्करेनेच मढवलेला असतो. 2016 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एरिक मार्टेन्स यांच्या गटाने उंदरांच्या आतड्यात माणसाचे ओळखीचे जिवाणू वसवले आणि त्यांचा तंतुमय आहार बंद केला. जिवाणू उपाशी राहिले नाहीत. त्यांनी मोर्चा श्लेष्म्याकडे वळवला, थर पातळ झाला आणि मग आतड्याला लागलेल्या रोगजंतूने त्या उंदरांना जीवघेणा कोलायटिस झाला. ज्या उंदरांना तंतू मिळत होते ते तगले. आणखी एक गोष्ट या प्रयोगात महत्त्वाची ठरली: निव्वळ शुद्ध केलेल्या प्रीबायोटिक शर्करांचे मिश्रण दिले तेव्हा थर वाचला नाही, धान्य-भाजीतले मूळ तंतू दिले तेव्हा वाचला. डब्यातली पावडर आणि ताटातली उसळ यांत काय फरक, असे कोणी विचारले तर उत्तराची सुरुवात इथून करता येईल.

उंदरांचे ठीक आहे, माणसाचे काय, हा आक्षेप रास्त आहे. माणसांवरचा सर्वांत बोलका प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधले 20 आफ्रिकी-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांतले 20 लोक यांची ताटे दोन आठवड्यांसाठी बदलली. शहरी गटाचे तंतू दिवसाला 14 ग्रॅमवरून 55 ग्रॅमवर गेले, तर खेड्यातल्या गटाला मांस आणि स्निग्धांशाने भरलेले अमेरिकी ताट मिळाले. अवघ्या दोन आठवड्यांत पहिल्या गटात ब्युटिरेट अडीचपट झाले आणि आतड्याच्या अस्तरातली दाहाची चिन्हे उतरली. खेड्यातल्या गटात नेमके उलटे घडले. अर्थात इथे तंतूंबरोबर मांस आणि तूप-तेलही बदलले होते, म्हणून सगळे श्रेय शर्करेला देता येत नाही. पण आहार बदलला की आतड्याचा दाह किती चटकन वरखाली होतो, हे यातून पक्के झाले.

इथपर्यंत सगळे सरळ वाटते: शर्करा द्या, आम्ले वाढतील, दाह उतरेल. याच तर्काने लंडनमधल्या संशोधकांनी क्रोन्सच्या 103 रुग्णांना चार आठवडे रोज 15 ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड ही फ्रुक्टन कुळातली शर्करा किंवा दिसायला तशीच बिनगुणाची पूड दिली. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. 2011 मध्ये निकाल आला. खऱ्या शर्करेच्या गटात 22 टक्के रुग्णांना उतार पडला आणि बिनगुणाच्या पुडीच्या गटात 39 टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम नव्हता, म्हणून शर्करेने नुकसान केले असे म्हणता येणार नाही, पण फायदा झाला नाही हे उघड आहे. त्रासामुळे औषध सोडणाऱ्यांची संख्याही शर्करेच्या गटात बरीच जास्त होती. त्याआधी 2006 मध्ये दहाच रुग्णांवरच्या प्राथमिक प्रयोगात याच शर्करेने गुण दाखवला होता. तुलनेला दुसरा गट नसलेल्या छोट्या प्रयोगावर विसंबण्यात किती धोका असतो, याचे हे उदाहरण वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवावे असे आहे.

मग आधीचे सगळे पुरावे खोटे ठरतात का? या आक्षेपाला उत्तर 2023 मध्ये कॅनडातल्या हेदर आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांच्या कामातून मिळते. आतड्याचा दाह असलेल्या रुग्णांच्या अस्तराचे नमुने घेऊन त्यांनी ते फ्रुक्टन शर्करांच्या संपर्कात आणले. काही रुग्णांच्या नमुन्यांत दाह पेटवणारी रसायने वाढली. हे रुग्ण कोण होते? ज्यांच्या आतड्यात ही शर्करा आंबवणारे जिवाणू थंडावले होते ते. शर्करा फुटलीच नाही, तर अखंड साखळी प्रतिकारक पेशींना परक्या जंतूच्या आवरणासारखी भासते आणि त्या बिथरतात. तीच शर्करा आंबवून फोडलेली असेल तर हा प्रकार होत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको: खताला पीक आणि तण यांतला फरक कळत नाही, आणि रान आधीच तणाने भरले असेल तर युरिया टाकून तणच माजते. प्रीबायोटिक शर्करा हे असे खत आहे. तिचा परिणाम तिच्या अंगच्या गुणावर जेवढा, तेवढाच आतड्यात आधीपासून कोण राहते आणि अस्तर कितपत शाबूत आहे यावर ठरतो. दाह उतरवणारे औषध म्हणून तिच्याकडे पाहिले की निराशा येते. आतडे धड असताना ते धड ठेवणारा आहार म्हणून पाहिले की बहुतेक पुरावे जागेवर बसतात.

निरोगी माणसांतही हेच दिसते. 2021 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने 36 निरोगी प्रौढांचे दोन गट केले. एकाने तंतूंचा आहार वाढवला, दुसऱ्याने दही, केफिर, किमची यांसारखे आंबवलेले पदार्थ वाढवले. आंबवलेल्या पदार्थांच्या गटात रक्तातली दाहाशी संबंधित 19 प्रथिने घटली. तंतूंच्या गटात एकूण असा बदल दिसला नाही. बारकाईने पाहिल्यावर कळले, की सुरुवातीलाच ज्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता जास्त होती त्यांचा दाह उतरला आणि ज्यांची विविधता कमी होती त्यांच्यात तो उलट थोडा वाढला. घुगऱ्या आणि ताक एकाच जेवणात वाढणाऱ्या घरांना या निकालात नवल वाटणार नाही, पण आपल्या आजीला हे सगळे आधीच ठाऊक होते असा दावाही करू नये. तिला चव ठाऊक होती आणि पोटाला काय मानवते ते ठाऊक होते. जिवाणूंचा हिशेब वेगळा आहे आणि तो मोजूनच कळतो.

हा हिशेब महाराष्ट्रात काही प्रमाणात मांडला गेला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंची इतर देशांशी तुलना केली. 2016 च्या त्यांच्या अभ्यासात भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे दोन गट ठळकपणे जास्त आढळले. त्याच्या दोन वर्षे आधी पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी माणसाच्या विष्ठेतून मेगास्फेराची एक नवी जात वेगळी करून तिला इंडिका हे नाव दिले होते. गंमत म्हणजे मॅक्स या नावाने ओळखले जाणारे सोयाबीनचे वाण याच संस्थेने काढले. सोयाबीन आणि आतड्यातला जिवाणू, दोन्हींचे काम एकाच संस्थेत चालते. प्रिव्होटेला हा धान्य-कडधान्यांच्या लांब शर्करासाखळ्या तोडण्यात पटाईत गट आहे. याचा अर्थ युरोपातल्या रुग्णांवर फ्रुक्टन शर्करेने जे घडले, ते हरभरा-ज्वारीवर वाढलेल्या आतड्यात तसेच घडेल असे धरून चालता येत नाही. ते फायद्याच्या बाजूनेही धरता येत नाही आणि तोट्याच्या बाजूनेही.

इथे एक टोचणारा प्रश्न उभा राहतो. डाळी इतक्या गुणाच्या असतील तर डाळ खाणाऱ्या भारतात आतड्याच्या दाहाचे आजार का वाढत आहेत? 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधल्या घरोघरच्या पाहणीत लाखामागे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता. हा आजार पाश्चात्त्यांचा, असे म्हणण्याची सोय तेव्हाच संपली. उत्तराचा एक भाग असा, की या आजारांत आनुवंशिकता, प्रतिजैविके, शहरी राहणी असे अनेक धागे आहेत आणि डाळ म्हणजे काही लस नव्हे. दुसरा भाग ताटाचा आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे 1961 मध्ये देशात दरडोई रोज 69 ग्रॅम डाळ उपलब्ध होती, 2001 मध्ये ती 30 ग्रॅमवर आली. नंतर ती थोडी सावरली, तरी राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत सुचवलेल्या 85 ग्रॅमच्या ती बरीच खाली आहे. भारत डाळ खातो हे खरे, पण किती खातो हे विचारले की उत्तर बदलते. डाळीच्या या घटीमुळेच आजार वाढले असे मी म्हणत नाही. तसे सिद्ध झालेले नाही. डाळ खाणाऱ्या देशातही आजार वाढतो, म्हणून डाळ निरुपयोगी, हा तर्क टिकत नाही एवढेच.

सर्वसामान्य माणसाचा आक्षेप याहून साधा असतो: हरभरा वातूळ आहे, पोट फुगते, मग तो आतड्याला चांगला कसा? फुगणे आणि दाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिवाणूंनी शर्करा आंबवली की हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होणारच. वायूने आतडे ताणले जाते, दुखतेही, पण अस्तराला इजा होत नाही. ज्यांचे आतडे फार हळवे असते अशा इरिटेबल बॉवेलच्या रुग्णांना या ताणाचा खरोखर त्रास होतो. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने अशा शर्करा काही काळ कमी करून मग एकेक परत आणण्याची पद्धत बसवली आहे. दाह आहे की नुसता वात, हे विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाच्या तपासणीने बऱ्यापैकी कळते. स्वयंपाकघरातले उपाय मात्र नीट समजून करायला हवेत. हिंग-ओव्याच्या फोडणीने शर्करा फुटत नाही. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले की तिचा काही भाग निघून जातो. मोड आले की बी स्वतःच आपले विकर वापरून ती अंकुरासाठी खर्च करते, म्हणून मोडाची मटकी हलकी लागते. पीठ आंबवले तरी ती घटते. म्हणजे पोटाला सोसेल तेवढी शर्करा ठेवणे गृहिणीच्याच हाती आहे, आणि फार दिवस डाळ न खाल्लेल्याने थोड्यापासून सुरुवात करून काही आठवड्यांत वाढवली तर जिवाणूही तिला सरावतात. सोयाबीनबाबत एक पथ्य वेगळे आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचवणाऱ्या विकराला अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो. म्हणून दाणा चांगला उकडल्या-भाजल्याशिवाय पिठात घालू नये.

हिंगोलीचा उल्लेख आला की हळदीचा आल्याशिवाय राहत नाही, म्हणून ओघात सांगतो. हळदीतल्या कर्क्युमिनवर अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत छोट्या पण नीट केलेल्या चाचण्या झाल्या आहेत आणि नेहमीच्या औषधाच्या जोडीला रोज दोन-तीन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनने फायदा दिसला आहे. हळदीत कर्क्युमिन असते तीन टक्क्यांच्या आसपास. भाजीतल्या चिमूटभर हळदीकडून तो परिणाम मागणे म्हणजे वसमतच्या हळद बाजारावर उगाच भार टाकणे आहे.

हिंगोली जिल्ह्यापुरता विचार केला तर शर्करेचा सर्वांत मोठा उपयोग कोलायटिसच्या रुग्णांपेक्षा लहान मुलांच्या बाबतीत संभवतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने हडकुळी होती. वारंवार दूषित पाणी-अन्न पोटात जाणाऱ्या मुलांच्या लहान आतड्यात बाहेरून न दिसणारा मंद दाह सतत धुमसत असतो. अस्तर सपाट होते, खाल्लेले अंगी लागत नाही. अशा मुलांसाठी ढाक्यातली आयसीडीडीआर,बी ही संस्था आणि सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन यांनी जिवाणूंना डोळ्यांसमोर ठेवून एक पूरक आहार बनवला. त्यातले मुख्य घटक चार: हरभऱ्याचे पीठ, शेंगदाण्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ आणि कच्चे केळे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या सव्वाशेच्या आसपास कुपोषित बालकांना तीन महिने हा किंवा नेहमीचा तयार पूरक आहार दिला. नव्या आहारात उष्मांक कमी होते, तरी मुलांचे वजन उंचीच्या मानाने अधिक वेगाने सुधारले. 2024 च्या पुढच्या अभ्यासात या सुधारणेचे नाते प्रिव्होटेला कोप्री या जिवाणूशी जुळले, जो या पिठांतल्या पेशीभिंतींच्या लांब शर्करासाखळ्या तोडतो. पुण्याच्या अभ्यासात भारतीयांत ठळक दिसलेला गट तो हाच.

ओडिशाच्या खेड्यांतला पुरावाही याच दिशेचा आहे. तिथे 4,556 नवजात बाळांना आठवडाभर एक लॅक्टोबॅसिलस जिवाणू आणि त्याच्या जोडीला फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, किंवा बिनगुणाची पूड दिली. दोन महिन्यांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ओढवण्याचे प्रमाण 9.0 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. 2017 मध्ये हा निकाल जगभर गाजला. यातले किती श्रेय शर्करेचे आणि किती जिवाणूचे, हे वेगळे करता येत नाही, आणि करायची गरजही नाही. आंबवणारा हजर असेल तेव्हाच शर्करा कामाची, हे कॅनडातल्या प्रयोगशाळेने दाखवले, ओडिशाच्या प्रयोगात तो आंबवणारा सोबतच पाठवला होता.

ज्यांना शौचातून रक्त जाते, वजन घटते, महिनोनमहिने जुलाब थांबत नाहीत, त्यांनी इन्युलिन किंवा फायबरची डबाबंद पूड स्वतःच्या मनाने सुरू करू नये. आतडे पेटलेले असताना डाळ-कांदा किती खावा, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे आणि उतार पडल्यावर हळूहळू परत सुरू करावे. बाकीच्यांनी पूड विकत घेण्याआधी घरच्या डब्यातला हरभरा संपवावा. आणि सार्वजनिक आरोग्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांना एक मागणे आहे. हिंगोलीत 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, शेजारी परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. हरभरा, सोयाबीन आणि भुईमूग इथल्या रानात पिकतो आणि केळी वसमत-अर्धापूरच्या बागांतून मिळतात. ढाक्यात झाली तशी चाचणी या दोन संस्थांनी मिळून सेनगाव-कळमनुरीच्या अंगणवाड्यांत घ्यावी. आतड्याच्या दाहाच्या चाचण्या आणि मुलांची वजने दोन्ही मोजावीत आणि निकाल काहीही आला तरी तो मराठीत छापावा.